कोवळी बोटं

कोस्किलाच्या वसतिगृहाला तीन मजले होते आणि त्या तीन मजल्यांवर माणसं अवयवांप्रमाणे लावून ठेवलेली होती. तळमजल्यावर नाकवाले. हे कनौजकडचे, अत्तराच्या भट्ट्यांशेजारी वाढलेले. रुग्णाच्या घामाचा वास घेऊन कोणतं दुखणं अंगात शिरू पाहतंय ते सांगायचे. मधल्या मजल्यावर कानवाले, जॉर्जियातल्या कुठल्याशा डोंगराळ खेड्यातले. समुद्रातल्या पवनचक्कीचं पातं कुठे तडकणार आहे, ते त्यांना आवाजावरून आधीच कळायचं. आणि सगळ्यात वर बोटवाल्या. त्या सोलापूरच्या.

नाकवाल्यांमुळे इमारतीत फोडणी घालायला बंदी होती. कानवाल्यांमुळे मोठ्यानं बोलायला बंदी. आणि बोटवाल्यांना कशाला हात लावायचीच बंदी. दोन वर्षांपूर्वी लावण्या चिलका फिनलंडच्या या गावात आली, तेव्हा हे नियम ऐकून तिला हसू फुटलं होतं. नवऱ्याला फोनवर म्हणाली होती, "अहो, यापेक्षा सासुरवास बरा. तिथं निदान भांडी तरी आपटता येतात."

आता तिला त्याचं हसू येत नसे. काम सुटलं की दोन्ही हातांवर रुईच्या कापसासारखे मऊ, जाडजूड मोजे चढायचे आणि ते दुसऱ्या दिवशी कामाच्या टेबलापाशीच उतरायचे. दार आपोआप उघडे. नळ आपोआप वाहे. दोन वर्षांत तिनं एकही कडी वाजवली नव्हती.

काम म्हणाल तर साधं. नळ्या वळायच्या.

माणसाचा मज्जातंतू तुटला की त्याचं टोक पुन्हा वाढतं, पण दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर, आणि पलीकडचं टोक शोधताना हमखास वाट चुकतं. म्हणून मधे नळी बसवायची, आंधळ्याला भिंत धरून चालवावं तशी. ही नळी रुग्णाच्याच पेशींपासून वाढवलेल्या पापुद्र्याची. पापुद्रा एका पेशीइतका जाड आणि जिवंत. जिवंत असल्यामुळे लहरी. क्षणात ताणतो, क्षणात सैल पडतो. यंत्रांना हा ताण मोजता येत होता, पण मोजून होईपर्यंत पापुद्र्याचं मन बदललेलं असायचं, आणि तो टर्रकन फाटायचा. माणसाच्या बोटाला मात्र कागदाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी सुरकुतीही कळते, आणि कळता कळताच बोट सावरून घेतं. तेव्हा कंपनीनं जगभर शोध घेतला : पातळ, कोरडं, चटकन फाटणारं काहीतरी पिढ्यान्‌पिढ्या कोण वळत आलंय? उत्तर आलं, सोलापूरच्या विडी कामगार बायका. विडीचा धंदा तोवर बसलाच होता. तेंदूच्या पानावरून बायका थेट माणसाच्या कातडीवर आल्या.

बोटं अजून तल्लख व्हावीत म्हणून एक औषध होतं. त्याचं खरं नाव अकरा अक्षरांचं, बायका त्याला नुसतं 'कोवळं' म्हणत. कोवळ्याच्या एका फेरीनं बोटांची टोकं तान्ह्या बाळासारखी होत आणि कातडीखालच्या स्पर्शाच्या पेशी दुप्पट. पण खरा बदल व्हायचा मेंदूत. मेंदूत आपल्या शरीराचा एक नकाशा असतो. बोटांकडून येणाऱ्या बातम्या वाढल्या की त्या नकाशात बोटांचा मुलूख पसरतो आणि शेजाऱ्याची जमीन गिळतो. हाताचा शेजारी म्हणजे चेहरा. दोन फेऱ्यांनंतर औषध थांबवलं तर सहा-आठ महिन्यांत सीमा बऱ्याचशा मागे सरतात. तिसऱ्या फेरीनंतर सरत नाहीत.

तिसरी फेरी म्हणजे काय, ते लावण्या रोज जेवणाच्या टेबलावर बघायची. तिच्या खोलीतल्या राजव्वा अक्कांनी तिसरी घेऊन चार वर्षं झाली होती.

"अक्का, हनुवटीला भात लागलाय."

"कुठं गं?"

"डावीकडे."

अक्का मोज्याच्या पाठीनं हनुवटी पुसायच्या, तीही अंदाजानं. "वारा लागत नाही, थंडी लागत नाही. इथल्या थंडीत चांगलंच की," असं म्हणून त्या हसायच्या. हसू चेहऱ्यावर नीट आलं की नाही, ते त्यांना कळत नसावं, असं लावण्याला वाटे.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लावण्याच्या सहीचा कागद आला. नवरा नरसिंगच्या फोनवरही त्याची प्रत गेली होती. दुपारी काम सुटल्यावर तिनं फोन लावला तर तो टॉवेलच्या कारखान्यातून नुकताच घरी पोचला होता.

"वाचलंस?" तो म्हणाला. "तू तिसऱ्या फेरीवर सही केली, की आमच्या दोघांचा तिकडं राहायचा परवाना. एक महिन्यात. चिन्नीचा फोटोपण काढून आणला मी. पाच वेळा काढला, प्रत्येक वेळी जीभ बाहेर काढली कार्टीनं."

"आणि मग मी तिला हात नाही लावू शकणार."

"मोजे घालून लाव की."

"मोज्यात काही कळत नाही ओ. उशी धरल्यासारखं असतं."

"मग आता फोनवरनं तुला काय कळतंय?" नरसिंग चिडून बोलला नव्हता. खरंच विचारत होता.

सही केली तर मुलगी डोळ्यांपुढे, पण उघड्या हाताला कायमची पारखी. नाही केली तर हात परत मिळणार आणि ते घेऊन जायचं कुठे, तर सोलापूरला विडी कामगारांच्या घरकुलातल्या दोन खोल्यांत, जिथे तिच्या हातांना काही काम उरलेलं नव्हतं. कागद येणार हे कळल्यापासून गेला महिनाभर ती याच दोन वाक्यांमध्ये येरझाऱ्या घालत होती.

पाच वर्षांची चिन्नी मधे घुसली. "अम्मा, तिकडं रात्री पण ऊन असतं ना?"

"उन्हाळ्यात असतं."

"मग झोपायची वेळ झाली, हे तुला कोण सांगतं?"

"कुणीच नाही."

"बरंय की मग तुझं!" चिन्नी म्हणाली आणि पळाली.

दुसऱ्या दिवशी कामावर लावण्याचा हात चालत होता आणि डोकं भलतीकडे होतं. टेबलावरच्या गार हवेत पापुद्रा तरंगत होता. तिनं तो दोन बोटांवर घेतला, अंगठ्यानं रेटत वळला, आणि शेवटी नखाच्या कडेनं टोक आत दुमडून तोंड मिटवलं. एक. दोन. तिसरी नळी मिटवताना ती दचकली.

विडीचं तोंड मिटवतात. नळीचं मिटवायचं नसतं. मिटलेल्या नळीतून मज्जातंतू जाणार कुठून?

तीन माणसांचे पापुद्रे वाया गेले होते. कुणाचा तरी हात, कुणाचा तरी पाय आठवडाभर मागे पडला होता. तिनं स्वतः होऊन दिवा लावला, म्हणजे पर्यवेक्षिकेला बोलावलं.

पर्यवेक्षिका आयनो ही उंच, शांत, पन्नाशीची बाई. ती फिनिशमध्ये बोलायची आणि लावण्याच्या कानातला दुभाष्या त्याचं मराठी करायचा. दुभाष्याला मराठी शिकवणारा कुणी जुना शास्त्री असावा.

"आदरणीय लावण्या, आपण खिन्न होऊ नये," आयनो म्हणाली. "या तीन नलिकांनी मला अत्यानंद दिला आहे."

लावण्याला वाटलं दुभाष्या बिघडला. तो बिघडला नव्हता. ज्यांचा हातच गेलाय त्यांच्या मज्जातंतूला पलीकडचं टोकच नसतं, आयनोनं समजावलं. तो वाट फुटेल तिकडे वाढतो, त्याची गाठ होते, आणि नसलेला हात रात्रंदिवस दुखत राहतो. अशा टोकाला वरून बंद असलेली टोपी घातली तर गाठ होत नाही. कंपनी गेली तीन वर्षं जिवंत पापुद्र्याची टोपी करायच्या मागे होती. तोंड मिटवताना पापुद्रा हटकून फाटे.

"येथील अन्य भगिनींना हे का साधत नाही?" आयनोनं विचारलं.

लावण्याला ते ठाऊक होतं. तिच्या वयाच्या बाकीच्या पोरी प्रशिक्षण केंद्रात शिकून आल्या होत्या, त्यांनी खरी विडी कधी वळलीच नव्हती. अक्कांच्या पिढीनं वळली होती, पण मोठ्या बाया पान कापायच्या, तंबाखू भरायच्या, वळायच्या. तोंडं मिटवायचं काम लहान मुलांचं. बारीक बोटं, बारीक नखं. लावण्या सहाव्या वर्षापासून आईच्या सुपाशेजारी बसून तोंडं मिटवायची. सातवीत पहिली आली त्या दिवशी आईनं तिच्या पुढ्यातून सूप ओढून घेतलं आणि म्हणाली, "पुन्हा इथं बसलीस तर तंगडं मोडीन." लावण्या बीएस्सी झाली ती त्या ओढलेल्या सुपामुळे.

"सहाव्या वर्षापासून," लावण्या म्हणाली.

आयनोनं ते टिपून घेतलं. "अशी कला शिकण्याची मेंदूची कवाडं सातव्या वर्षानंतर मिटत जातात. आपली कन्या किती वर्षांची आहे?"

"पाच."

"उत्तम," आयनो म्हणाली.

तो शब्द लावण्याला खुपला. नोकरी देणारी बाई आपल्या मुलीचं वय ऐकून 'उत्तम' का म्हणते? दुभाष्याची चूक असेल, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगता आलं नाही. तेव्हा तिनं विचारलं, "तिसरी फेरी घेऊन कायम झालेल्या बायकांची मुलं दिवसभर असतात कुठे?"

"खेळघरात. आपण अवश्य पाहावे."

खेळघर सुरेख होतं. मोठ्या काचा, लाकडी घोडे, भिंतीवर सोलापुरी चादरींचे नमुनेही रंगवलेले. अकरा मुलं होती. चार मुलं घोड्यांवर होती. सात मुलं बुटक्या टेबलाभोवती बसून रंगीत, झिरझिरीत पापुद्र्यांच्या पुंगळ्या वळत होती, गाणं म्हणत, हसत. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. कुणाला बसवलेलंही नव्हतं. पुंगळी फाटली तर सांभाळणारी बाई म्हणे, "हरकत नाही," आणि न फाटता जमली तर त्या मुलाच्या टेबलावर छोटा निळा दिवा लागे. मुलं त्या दिव्याकडे बघायची आणि पुढचा पापुद्रा उचलायची.

टेबलाच्या कडेला सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. तिच्यापुढे सलग नऊ दिवे लागलेले.

"नाव काय गं तुझं?" लावण्यानं विचारलं.

"तन्मयी." तिनं वर पाहिलं नाही.

"बाहेर खेळायला नाही जात? केवढं ऊन पडलंय."

"जाते की." मुलीनं खुर्चीमागे अडकवलेले मोजे हनुवटीनं दाखवले. मऊ, जाडजूड, फुलपाखरं भरलेले. "पण वाळूत नाही जायचं. वाळूत गेलं की दिवे कमी लागतात."

"असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला कळतं ना."

लावण्या बाहेर येऊन बाकावर बसली. तिची आई गरज म्हणून तिला सुपापाशी बसवायची, आणि त्याची लाज तिच्या तोंडावर दिसायची. ती लाज होती म्हणून एक दिवस सूप ओढलं गेलं. इथे लाज वाटावी असं काही नव्हतंच. गाणी होती, दूध होतं, निळे दिवे होते. इथून सूप कोण ओढणार? आणि चिन्नी तर अशी, की कुणी एकदा शाबास म्हटलं तर तेच काम झोप येईपर्यंत करेल. अगदी आईवर गेलेली.

खोलीवर येऊन तिनं अक्कांना सांगितलं.

"खुळी आहेस," अक्का म्हणाल्या. "लेकरू डोळ्यांसमोर राहतंय, शिकतंय, खातंय-पितंय. माझा मुलगा पुण्याला असतो. वर्षात दोनदा फोन. तो इथं असता तर त्याला नळ्या काय, गोवऱ्या थापायला लावल्या असत्या मी. पण जवळ असता."

"अक्का, तुम्हाला आठवतं, त्याचा गाल कसा लागायचा ते?"

अक्का उठून दाराशी गेल्या. मग म्हणाल्या, "जेवायला चल. उशीर झाला की ते सूप गार करून ठेवतात मेले."

लावण्यानं सही केली नाही.

नरसिंगला तिनं फोनवर सांगितलं. तिनं खेळघराचं सगळं सांगितलं, दिवे, मोजे, 'उत्तम'. तो शेवटी म्हणाला, "म्हणजे खेळतात. खेळण्याला घाबरलीस तू."

"हो."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणायला लावलं असतं."

"लावलं असतं," तो म्हणाला. मागून चिन्नीचा आवाज आला, "पण मला बर्फ बघायचा होता!" आणि मग रडणं. त्यानंतर कितीतरी आठवडे चिन्नी फोनवर आली नाही. अम्माला सांग मी शाळेत गेलेय, असं ती रविवारीही सांगायची.

लगेच निघता आलं नाही. मेंदूतल्या सीमा मागे सरेपर्यंत डॉक्टरांच्या नजरेखाली राहायचं, असं करारातच होतं. लावण्याला वसतिगृहामागची एक खोली दिली गेली. ती आता बोटवाली नव्हती, त्यामुळे वरच्या मजल्यावर तिला जागा नव्हती, आणि दुसरा कोणता अवयव तिच्यापाशी नव्हता. जेवणघरात ती एकटीच एका टेबलावर बसे. कोणत्या टेबलावर बसायचं ते कुणालाच ठरवता येईना. ऑक्टोबरात ऊन ओसरलं, नोव्हेंबरात दिवस दोन-चार तासांवर आला. तिनं स्वतःहून जेवणघराच्या मोरीतलं काम मागून घेतलं. पहिल्या दिवशी घासणी हातात धरली तेव्हा कळ खांद्यापर्यंत गेली. पाणी विस्तवासारखं लागलं. तिनं दात आवळून एक वाटी घासली. दुसऱ्या दिवशी दोन. डिसेंबरात चाळीस ताटं घासली तेव्हा आपल्या गालांवर पुन्हा वारा झोंबतोय, हे तिच्या लक्षात आलं, आणि हे कुणाला सांगावं म्हणून ती मागे वळली. मोरीत दुसरं कुणी नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी ती सोलापूरला उतरली. डॉक्टर म्हणाले होते, सीमा सत्तर टक्के मागे सरल्यात. उरलेलं वर्षभरात, किंवा कधीच नाही.

घरी कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. नरसिंगनं स्टेशनवर तिची बॅग घेतली. ती एका औषध दुकानात हिशोबाला लागली. पण चिन्नी सहा वर्षांची होऊन बसली होती आणि आईशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलायची. झोपायला बापाजवळ, वेणीला शेजारच्या काकूंकडे. लावण्यानं जवळ ओढली तर काठीसारखी ताठ उभी राहायची, सुटका होईपर्यंत. कधी कधी लावण्याला वाटे, अक्कांचं बरोबर होतं. आपण तिला वाचवलं ते तिच्या हातांसाठी, की आपल्या?

फेब्रुवारीत शाळेतून निरोप आला. वर्गात उवा झाल्यात, पालकांनी मुलांची डोकी बघावीत. शेजारच्या काकूंनी ऐकलं आणि वेणी घालायला साफ नकार दिला. नरसिंगनं फणी हातात घेतली आणि दोनच मिनिटांत चिन्नीच्या किंचाळ्या गल्लीभर गेल्या.

"माझ्याकडे दे," लावण्या म्हणाली.

रविवारची दुपार होती. ओट्यावर ऊन होतं. चिन्नी कुरकुरत आईच्या पुढ्यात पाठ करून बसली. लावण्यानं मोकळे केस हातात घेतले. एकेक केस तारेसारखा बोटात रुतत होता. पण त्या तारांमधून तिला सगळं कळतही होतं. डोळे मिटले तरी लीख कुठल्या केसाला किती उंचीवर चिकटलीय ते कळत होतं. ऊ पळायच्या आत तिच्या पायांची वळवळ कळत होती. ती वेचू लागली. एकही केस न ओढता.

"फणी नको?"

"नको."

चिन्नी थोडा वेळ वाट बघत बसली, कधी दुखतंय म्हणून. दुखेना. तिचे खांदे हळूहळू सैल झाले.

"तुला दुखतंय का?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"खोटं. तुझे गुडघे थरथरतायत. मला लागतायत पाठीला."

"थोडं दुखतंय."

"मग थांब की."

"थांबू?"

चिन्नीनं विचार केला. "नको," ती म्हणाली. आणि मग, जरा वेळानं, कुणी न विचारता सांगू लागली. उवा तिला सृजनकडून आल्या, कारण तो डोकं लावून गुपित सांगतो. गुपित असं की बाईंचं लग्न ठरलंय. पहिलीत तिला रडू आलं होतं, पण फक्त दोनदा. मागच्या वर्षी ताप आला होता तेव्हा बाबानं कपाळावर टॉवेल ठेवला तो कारखान्याच्या वासाचा होता. ते जाकीट घेतलेलं ना, बर्फाचं, ते आता लहान झालं, पण ती कुणाला देणार नाही. तिचं डोकं बोलता बोलता मागे कलत गेलं आणि लावण्याच्या पोटाला टेकलं. ऊन ओट्यावरून सरकून पायरीवर गेलं. लावण्याची बोटं आगीत धरल्यासारखी झाली होती.

"अम्मा, अजून आहेत का गं?"

लावण्यानं कानामागून मानेपर्यंत, मानेपासून टाळूपर्यंत पुन्हा एकदा बोटं फिरवली. काही नव्हतं. शेवटची लीख निघून अर्धा तास झाला होता.

"आहेत," ती म्हणाली. "पुष्कळ आहेत. बोल तू."